दुसरी आणि चौथी ओळ

मनीषनगर, नागपूर
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय हर्षा,

नमस्कार. तुझा गुडघा आता पायऱ्या चढू देत असेल आणि भिवापूरच्या मिरचीवर यंदा तरी चुरडामुरडा रोग आला नसेल, असं धरून लिहिते. मी बरी आहे. इकडे सकाळची थंडी पडायला लागली. समोर नवी बिल्डिंग उठते आहे, तिच्या धुळीपायी माझ्या खिडक्या आठवडाभर बंदच आहेत.

फोनवर एका शब्दाचं उत्तर मागितलं तर हिने दहा दिवसांनी पत्र पाठवलं, म्हणून तू चिडली असशील. पण फोनवर तू मध्ये बोलतेस, आणि मला एकदा कोणी मध्ये न बोलता शेवटपर्यंत जायचं आहे.

तर तुझी फाइल. २०१२ सालचा आपला मिरचीचा प्रयोग. सहा वाण, प्रत्येक वाण चारदा, म्हणजे सहा-सहाच्या चार ओळींत चोवीस वाफे. तू भिवापूरच्या शेतावर, मी नागपूरच्या ऑफिसात आकडेमोडीला. संस्था आता जुने प्रयोग सगळ्यांसाठी खुले करते आहे, आणि तू म्हणालीस, "पुष्पा, तू एकदा पाहून घे वं. तुया नजरेखालून गेलं का मले चिंता नाही." फाइलच्या तळाशी तू आधीच टाइप करून ठेवलं होतंस: तपासणी, पुष्पलता धकाते. त्याच्या वर काम करणाऱ्यांची नावं होती. तुझं, माझं, दोन मजुरांचं. रुपरावांचं नव्हतं. ज्या क्षेत्र सहायकाने मिरचीचा प्रत्येक तोडा स्वतः तोलून वहीत उतरवला, त्याचं नाव तू इतक्या वर्षांनीही गाळलंस. ते पाहून मी फाइल बंद केली आणि दोन दिवस उघडली नाही.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. भाजीवाल्याने हिरव्या सांबाराची जुडी फुकट दिली तरी मी ती सोडून आत बघते. या प्रयोगाबद्दल तर माझ्या मनात अकरा वर्षांपासून किडा होता. हे तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या अहवालात संस्थेच्या यादीतला अठरा नंबरचा वाण सरस ठरला होता. मी तेव्हा ऑफिसात एकटीने तेच आकडे पुन्हा मांडले, आणि मला वाणावाणांत काही फरकच दिसला नाही. आकडे तेच, वाण तेच, उत्तर वेगळं. मग मी काय समजले असेन, ते तूच समज.

आता तिसऱ्या दिवशी मी 'आर' बसवलं. संख्याशास्त्राची ती मोफत प्रणाली, आजकाल सगळे तीच वापरतात. आधी तयार मिळतं ते घेतलं. चार बटणं दाबली, बसलं. तुझी फाइल घातली, तुझंच उत्तर आलं. मी लगेच ठरवलं की यात काहीतरी काळंबेरं आहे. तयार प्रोग्राम म्हणजे बंद डबा. आत कोणी काय भरलंय ते दिसत नाही. म्हणून तो काढून टाकला आणि त्याचा सोर्स कोड उतरवून घेतला. म्हणजे माणसांनी हाताने लिहिलेला मूळ मजकूर. तो आपल्याच मशीनवर आपणच कंपाइल करून प्रोग्राम घडवायचा. एकसष्टाव्या वर्षी कोणी असले उद्योग करत नाही, मला कळतं.

फाइल वाटेत कोणी बदलली नाही ना, हे ताडायला ते चौसष्ट अक्षरांचा एक ठसा देतात. लोक तो मशीनकडूनच जुळवून घेतात. मी दोन्ही ठसे कागदावर छापले, फूटपट्टी लावली आणि एकेका अक्षरावर पेन्सिलने खूण केली. दोनदा.

मग बांधणीच्या आधीची झडती सुरू झाली. अमुक आहे का, हो. तमुक आहे का, हो. पडद्यावर ते वाचताना मला फार बरं वाटलं. आपल्याइतकंच शंकेखोर कोणीतरी भेटलं. पण तिसऱ्या मिनिटाला गाडी अडली. फोर्ट्रानचा कंपायलर नाही म्हणे. एम.एस्सी.ला आपण दोघींनी एका टर्मिनलवर आळीपाळीने बसून शिकलेली भाषा, ती अजून याच्या पोटात आहे. तो कंपायलर बसवला तर एक लायब्ररी नाही, ती आणली तर दुसरीचा अर्धाच भाग आलेला. दोन दिवस सकाळी आंघोळ करून मी याच कामाला बसत होते. प्रत्येक अडथळ्याला वाटायचं की मला मुद्दाम रोखताहेत, खरं बाहेर येऊ नये म्हणून.

शेवटी एकदाचं बांधकाम चाललं. तासभर ओळी धावत होत्या, मी दाराची घंटी वाजली तरी उठले नाही. त्यानंतर एक आज्ञा असते, तिच्यात ते स्वतःचीच परीक्षा घेतं, ठरलेली गणितं सोडवून उत्तरं ताडून बघतं. सगळी बरोबर आली. तरी मी मूळ गणिताची ती फोर्ट्रानची फाइल उघडून वाचली. अर्धी कळली. जेवढी कळली तेवढीत खोट नव्हती.

तुझी फाइल घातली. तुझं उत्तर. मग कपाटातून माझा जुना कागद काढला. हो, ठेवला होता. तो घातला. माझं उत्तर. म्हणजे प्रोग्राम निर्दोष होता आणि भांडण दोन याद्यांमध्ये होतं. तुझ्या फाइलमध्ये प्रत्येक वाफ्याची ओळ आणि जागा दिली आहे, तशी यादी मी कागदावर मांडली आणि शेजारी माझी ठेवली. पहिली ओळ तंतोतंत जुळली. तिसरीही. दुसरी आणि चौथी माझ्याकडे उलटी होती.

ऑफिसातल्या नकाशावर कोणत्या वाफ्यात कोणता वाण, एवढंच होतं. वाफ्यांचे नंबर नव्हते, आणि रुपरावांच्या वहीत वजनं नंबरांपुढेच लिहिलेली. ते मी टाकले होते, प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे, पुस्तक वाचतात तसे. शेतात असं कोणी करत नाही. सहावा वाफा झाला की माणूस तिथेच वळतो आणि सातवा मोजायला घेतो. टोपली घेऊन कोण पुन्हा पहिल्या टोकाला चालत जाईल. मी कोष्ट्याची मुलगी. उमरेडच्या घरात बाबांच्या मागावरचा धोटा असाच जायचा आणि तिथूनच परत यायचा, त्या आवाजात मी दहावीचा अभ्यास केला. तरी मला हे सुचलं नाही, कारण त्या चोवीस वाफ्यांमधून मी एकदाही चालले नव्हते. आकडे तू फिरवले नव्हतेस. ओळी मी फिरवल्या होत्या.

आता पुढचं. दहा दिवस याच्यासाठी लागले, बाकी काम सहा दिवसांत झालं होतं.

२०१३ च्या जुलैमध्ये संस्थेकडे निनावी तक्रार आली, की हर्षा मॅडमनी आकडे बदलून आपल्या आवडीचा वाण वर काढला. ती मी लिहिली होती. वहीतले चोवीस आकडे जोडून, टाइप करून, इतवारीच्या पोस्टातून टाकली, कारण घराजवळचा शिक्का पडायला नको होता. चौकशीवाल्यांनी तुला तो कागद कधी दाखवला नाही, नुसते प्रश्न विचारत राहिले. चौदा महिने. तुझी बढती त्यात गेली. त्या चौदा महिन्यांत तू दर शनिवारी माझ्याकडे जेवायला यायचीस, ताटावर बसून रडायचीस, आणि मी तुला वाढायचे. शेवटी 'तथ्य नाही' म्हणून चौकशी बंद झाली, तेव्हा मी मनात म्हटलं, मिटवली असेल कोणीतरी.

खऱ्यासाठी लिहिली, असं मी स्वतःला सांगत आले. खरंच हवं असतं तर तुला विचारलं असतं. शनिवारी तू समोरच असायचीस. तू पुढे जात होतीस आणि मी त्याच खुर्चीत होते. मला तुझी चूक सापडायला हवी होती, आणि ती सापडली म्हणून मी खूश झाले होते. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

आणि रुपराव. तक्रारीत वहीतले आकडे होते, हे त्या प्रश्नांवरून तुला कळलं, आणि वही त्यांच्या ताब्यात असायची, म्हणून तू ठरवलंस की हे त्यांचंच काम. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून तू मला विचारलं होतंस, "तुले काय वाटते, त्यानंच केलं असन ना?" मी म्हणाले, "माणसाचं काय सांगता येते वं." एवढंच. मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं, या एका आधारावर मी आजवर दिवस काढले. तू त्यांची बदली करायला लावलीस आणि पुन्हा कधी त्यांच्याशी बोलली नाहीस.

गुरुवारी मी वाडीला गेले. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोदामं आहेत ना, त्यातल्या एका गेटवर ते आता ट्रकांची नोंद ठेवतात. मला पाहून उठले, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "मले मालूम होतं, मॅडम."

चौकशी अधिकाऱ्याने वाफ्यांचे नंबर समजून घ्यायला तक्रारीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला होता. "दुसरी लाइन उलटी, चौथी बी उलटी. शेतात चाललेला माणूस असं लिहीतच नाही. ऑफिसात बसून नकाशा पाहणारं एकच माणूस होतं. तुमी." त्यांनी अधिकाऱ्याला ओळींचं समजावून दिलं, माझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तुझी चौकशी त्यामुळे बंद झाली, हर्षा. कोणी मिटवली नव्हती. आणि त्याच दिवशी त्यांच्या खिशात तू करायला लावलेल्या बदलीचा कागद होता.

मी विचारलं, "मग हर्षाले माझं नाव काहून नाही सांगितलं?" विचारतानाही माझ्या मनात हेच, की यात याचा काहीतरी फायदा असणार. स्वभाव जात नाही.

एक ट्रक आत येत होता. त्यांनी त्याचा नंबर लिहिला, वेळ लिहिली, आणि वर न बघता म्हणाले, "मी तं तसाबी जाऊन राहिलो होतो. तुमचं बी नाव घेतलं असतं, तं हर्षा मॅडम शनिवारी जेवाले कोठं गेल्या असत्या?"

मला तिथे उभं राहवलं नाही. चहा आला होता, तोही घेतला नाही.

तुझी फाइल तपासली. चोवीसही आकडे बरोबर आहेत, अठरा नंबर सरस आहे. माझं नाव दोन्ही ठिकाणचं काढ. रुपरावांचं काय करायचं, ते मी तुला सांगायची गरज नाही. त्यांचा नंबर पाकिटाच्या आत लिहिला आहे. संस्थेला आज सहीनिशी पत्र टाकलं, त्याची प्रत सोबत आहे. या वेळी घराजवळच्याच पोस्टाच्या पेटीत.

'तुझी' लिहायचा हक्क उरला नाही, आणि दुसऱ्या कोणाची मी कधी नव्हते.

पुष्पलता