शिसवी मुठीचा फुगवटा

चाचा, गेल्या आठवड्यात मी तुम्ही घडवलेल्या सुरीला दहापैकी साडेनऊ गुण दिले. अर्धा गुण कापला तो धारेचा नाही, पातीचाही नाही, मुठीचा कापला. आणि ती मूठ तशी का आहे हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. माझ्याकडं आता रानात न्यायच्या सात सुऱ्या जमल्यात. सगळ्या न मिटणाऱ्या, पातीचं लोखंड मुठीच्या पार टोकापर्यंत गेलेलं. मिटणाऱ्या चाकूवर माझा विश्वास नाही. जिथं सांधा आला तिथं चिखल शिरणार आणि पुढंमागं तो हलणार. गेली वीस वर्षं दर रविवारी मी मलकापूरच्या पुढच्या जंगलात कॉलेजच्या पोरापोरींना घेऊन जातो. झाडं ओळखायला, ओल्या लाकडातलं कोरडं काढून चूल पेटवायला मला कुणी शिकवलं नाही, मी बघून आणि चुकून शिकलो, आणि आता तेच इतरांना दाखवतो. पण गुडघे बोलायला लागलेत, पाठीवरचं ओझं कमी करायचं आहे. म्हणून ठरवलं, कमरेला एकच सुरी ठेवायची आणि बाकीच्या सहा वाटून टाकायच्या. मुलीनं हे ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, कपाटात सात सुऱ्या आणि घरात कांदा चिरायला एक धड नाही. वाटायला घेतल्यात तर पहिली स्वयंपाकघरात द्या."

निवड करायची तर नीट करावी, नुसतं आवडतं म्हणून नको. कसबा बावड्यात आमच्या घरामागं उसाच्या कडेला मी फळी मांडली, वहीत रकाने आखले. ओला काथ्याचा दोर, प्रत्येक सुरीला पन्नास काप, एकाच जोरानं. मग वाळका बांबू, पातीच्या पाठीवर दांडक्यानं ठोकून उभा चिरायचा. मग कागद, आणि शेवटी पिकलेला टोमॅटो, कारण बोथट धार टोमॅटोपुढं लपत नाही. एक परदेशी बनावटीची सुरी आहे, जी यायची मी दोन महिने वाट बघितली होती. तिची धार तिसाव्या कापाला बोथटली. तुमची सुरी पन्नास काप झाल्यावर मनगटावरचे केस काढत होती. मी आणखी पन्नास काप घेतले. तरी काढत होती. जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातनं काढलेलं ते लोखंड, चोवीस वर्षं झाली, किती वेळा सहाणेवर घासलं असेल मी. पेन वहीवर ठेवलं आणि नुसता बघत बसलो. मुलगी चहा घेऊन आली, म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, बसलोय." माणसाच्या हातानं, डोळ्याच्या अंदाजावर हे होतं, यावर माझा आजही पुरता विश्वास बसत नाही, आणि ते होताना तर मी समोर उभा होतो.

हातकणंगल्याला स्टेशनच्या रस्त्यावर तुमचं दुकान. ऊसतोडीचे कोयते, विळे, कुऱ्हाडी, बाहेर ओळीनं लावलेल्या. मी तेव्हा उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर होतो, दहावीनंतर शाळा सुटलेली, पण ड्रॉइंग वाचायला रात्रंदिवस पुस्तकं घेऊन स्वतः शिकलेलो, आणि त्याचा मला केवढा तोरा. सुरीचं ड्रॉइंग काढून आणलं होतं, तीन बाजूंनी, मापं मिलिमीटरमध्ये. तुम्ही तो कागद घेतलात, ऐरणीवर पसरलात आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवलात. "पावणं, ह्ये चित्र झालं. सुरी ऱ्हाणार कुणाच्या हातात?" मी म्हटलं, माझ्या. "मग आधी चा घ्या की." मी ग्लास डाव्या हातानं उचलला, नेहमीसारखा. उजवा खिशात. प्रेसच्या मशीनमध्ये उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर गेलं त्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत तो हात कुणाला नीट दिसेल असा मी कधी बाहेर ठेवला नव्हता. पण ग्लास काठोकाठ भरलेला, कढत. दोन्ही हात लावावे लागले. पाच-सहा घोट, तेवढंच. तुम्ही भात्याकडं तोंड करून कोळसे हलवत होता. माझ्याकडं बघत सुद्धा नव्हता, असं मला वाटलं.

पुढच्या शनिवारी मी सुट्टी टाकून आलो, पातीला पाणी देताना, म्हणजे तापवून बुडवून कडक करताना बघायचंच म्हणून. तुम्ही दुकानाचं अर्धं दार लोटून घेता. "उजेडात लोखंडाचा रंग फसवतोय," म्हणता. माझ्या खिशात लोहचुंबक आहे, कारण पुस्तकात लिहिलंय की लोखंड पुरेसं तापलं की चुंबकाला चिकटायचं सोडतं. ते काढायला मी हात घालतो आणि तुम्ही पाठमोरेच म्हणता, "इंजिनेर, राहू द्या तुमचं खिशात. बुजंल पात." पात पिकल्या उंबराच्या रंगावर येते, आणि तुम्ही ती गोडेतेलाच्या डब्यात सरळ उभी उतरवता, न हलवता, जसं झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं. मग दगडानं घासून तिला पांढरी करता आणि पाठीकडनं परत हळूहळू शेकता. रंग पाठीकडनं धारेकडं चालत येतो. मी श्वास धरून उभा. "ह्यो बघ नव्या गुळाचा रंग," तुम्ही म्हणता, "हितंच थांबायचं. काकवीवर गेली की हातातनं गेली." आणि त्याच क्षणी ती बाजूला. तुम्ही मला अहो म्हणत होता, त्या एका वाक्यात अरे म्हणालात, आणि मला ते फार बरं वाटलं.

त्याच आठवड्यात कारखान्यातल्या कठीणपणा मोजायच्या मशीनवर मी ती पात, मूठ बसवायच्या आधी तुमच्याकडनं मागून नेलेली, गुपचूप तपासली. धारेजवळ तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणी काटा एकाच आकड्यावर. आमच्याकडं त्यासाठी थर्मामीटर लावलेली भट्टी होती आणि तरी माल परत यायचा. मशीनवरच्या माणसानं विचारलं, "कुठल्या कंपनीची?" मी म्हटलं, हातकणंगल्याची.

मग तुम्ही शिसवाची मूठ बसवून सुरी दिलीत, आणि मी घरी येऊन जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. मूठ सारखी नव्हती. पातीच्या जवळ, डाव्या अंगाला, ती उजवीपेक्षा अडीच मिलिमीटर फुगीर होती. पुढं, मधे, मागं अशा तीन ठिकाणी जाडी मोजून मी डायरीत लिहिली. मग कानस घेतली आणि तो फुगवटा उतरवून दोन्ही अंगं बरोबर केली, पॉलिश पेपर मारला, मेण लावलं. दिसायला सुरेख झाली. आणि मी ती तुम्हाला दाखवायला घेऊन आलो. तुम्ही ती हातात घेतलीत, मूठ आवळलीत, सोडलीत, अंगठा त्या जागेवरनं एकदा फिरवलात. म्हणालात, "बरं झालं की. आता कुणाच्याबी हातात बसंल." आणि परत दिलीत. मी त्याला शाबासकी समजून एसटीत बसलो. पुढच्या उन्हाळ्यात आलो तर दुकान बंद, शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं की तुम्ही गेलात, महिना झाला.

जंगलात पोरं विचारतात, काका, सगळ्यात आवडती सुरी कुठली, तेव्हा मी ही गोष्ट सांगतो. सांगतो की काही वर्षांनी आंबा घाटाच्या बाजूला भर पावसात बांबू सोलत होतो, मूठ ओली, तुटक्या बोटाला टेकायला काही नाही, आणि सुरी हातात फिरली. आणि तेव्हा मला कळलं की तो फुगवटा चूक नव्हती. ज्या बोटाचं टोक मुठीला वळसा घालून पलीकडं पोचत नाही, त्याच्यासाठी मूठच अलीकडं आणली होती. चहाच्या पाच-सहा घोटांवरनं तुम्ही माप घेतलं होतं. पोरं मूठ आवळून बघायला सुरी मागतात. मी देतो, कारण ते माप घेतल्याचं खरंच आहे.

अर्धा गुण कापल्यावर मला चैन पडेना. डायरी शोधली, मापं सापडली. लाकडाचा भुसा सरसात कालवून त्या जागी फुगवटा परत चढवला, वाळवला, मापाला आणला. तिन्ही आकडे बरोबर जुळले आणि हात बसला नाही. परत केला. चार वेळा केला. तीन ठिकाणची जाडी माझ्याकडं आहे, पण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ती कशी उतरत गेली होती ते नाही, आणि सगळं त्याच उतारात होतं. आयुष्यभर मोजमाप करून पोट भरलेला माणूस मी. तुम्ही माझा हात एकदाही हातात घेतला नव्हता. मुलगी शेजारी येऊन बसली, मूठ हातात घेतली, म्हणाली, "बसतीय की छान." मी म्हटलं, "तुझ्या हाताला बसतीय." ती म्हणाली, "मग ती ठेवणार का वाटणार, ते सांगा. मी तोवर कांदा दातानं तोडते."

ठेवणार. कमरेला तुमचीच राहील, साडेनऊ गुणांची. बाकीच्यांतली परदेशी सुरी स्वयंपाकघरात गेली, तिथं ती खूष आहे.

एवढं लिहिलं तर राहिलेलंही लिहितो. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच आहे, तेव्हा लाजायचं कुणाला. पावसात बांबू सोलताना कळलं, ते खरं नाही. सुरी फिरली होती, पण कळलं होतं त्याच्या कितीतरी आधी. तुम्ही दिलीत त्याच दिवशी, एसटीच्या खिडकीशी बसून मी मूठ पहिल्यांदा आवळली, आणि माझं आखूड बोट त्या फुगवट्यावर असं जाऊन टेकलं की चार वर्षांत पहिल्यांदा ते आखूड वाटलं नाही. म्हणजे तुम्ही बघितलं होतं. मला ते बघितलेलं नको होतं. व्हर्नियर मी नंतर काढला, कानस चालवायला काहीतरी कारण हवं म्हणून.

रविवारी पोरं विचारतील. मी बहुतेक पावसाचीच गोष्ट सांगेन.