शिमग्यासाठी अर्धवट सोडलेले उपचार

प्रिय दादा,

परवा गावी आपल्या दारात ग्रामदेवतेची पालखी येणार आहे आणि आई इथे माझ्याकडे बॅग भरून बसली आहे. तिला कसं अडवू, हे तुझ्याशिवाय कोणाला विचारू?

तुला जाऊन दीड वर्ष झालं. आता आईलाही तुझ्यासारखंच होतंय. फोन वाजला तरी छातीत धडधडतं. गोळ्या बदलून झाल्या, मन काही उभारी धरत नाही. शेवटी तुझ्याच डॉक्टरांनी तिला मेंदूला चुंबकाच्या लहरी देण्याचे उपचार सांगितले. तीच खुर्ची, डोक्याशी तेच टकटक करणारं यंत्र. काल दहावा दिवस झाला, अजून निम्म्याहून जास्त बाकी आहेत.

तुझे ते दिवस आठवतात रे. लोटे एमआयडीसीतल्या तुझ्या कंपनीची बस यायची, दार उघडायचं आणि भीतीने तू चढायचाच नाहीस. म्हणून तुला रत्नागिरीला माझ्याकडे आणलं. उपचारांच्या तिसऱ्या आठवड्यात तू एकटा एसटीने दवाखान्यात गेलास आणि येताना बांगडे घेऊन आलास! मी गावभर फोन केले.

तिथेच चुकलं. डॉक्टर म्हणाले होते, "भीती आधी उतरलीय, उदासी अजून आहे. मध्ये सोडू नका." पण शिमगा आला. पालखीला पहिला खांदा आपल्या घरचा. काका म्हणाले, "पोरगा बरा झालाय, आता कसला डाक्टर? मान सोडायचा काय?" आणि मीच तुझे कपडे भरले.

तू पालखी नाचवलीस. सगळे म्हणाले, ठणठणीत आहे की! मग पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणत आपण दवाखान्यात परत गेलोच नाही. तू तरी का बोलला नाहीस? गणपतीनंतर तू आयुष्य संपवलंस. उपचार पुरे झाले असते तर तू असतास, असं डॉक्टर म्हणत नाहीत. मला मात्र तसंच वाटत राहतं.

आई कालपासून चार घास जेवते. म्हणते, "मला आता बरं वाटतंय गो. पालखी दारात येल नि घर बंद?" मला देवाची भीती वाटते, काकांच्या अबोल्याचीही. पण हे 'बरं वाटतंय' मी एकदा ऐकलंय.

दादा, तुला शब्द देते. परवा आपल्या दाराला कुलूप असेल. पालखी घडीभर थांबेल आणि पुढे जाईल. आई तेव्हा त्या खुर्चीत असेल आणि मी बाहेरच्या बाकावर.

तुझी,
वैजू