सांगीपुढं पदर

२ मार्च
नांदेडहून ताई आल्या होत्या. माझ्या नातीसारख्या, सांगीसारख्या, हळू समजणाऱ्या पोरींना शिकवतेत. म्हणल्या, सांगी एकोणीस वर्षांची हाय, तिचं तिला ठरवू द्या. म्या तिथंच सांगीला विचारलं, चहा घेतीस? हाव. हिरीत उडी घेतीस? हाव. ताई हसल्या न्हाईत. म्हणल्या, दोन वस्तू पुढं ठेवा अन् गप बसा.
गप. अन् म्या!

९ मार्च
रोज दोन पोलके ठेवते. माझ्या मनातलंच उचलती. नात आजीवर गेली म्हणून गावभर सांगितलं. कमल, माझी सून, हे लिहिता लिहिता म्हणली, "आत्या, ती पोलक्याकडं न्हाई, तुमच्या तोंडाकडं बघून राहिली."
लिही, तेही लिही.

१० मार्च
तोंडावर पदर ओढून बसले. सासरा गेल्यापासून कुणापुढं घेतला न्हवता. सांगी आधी खदखदा हसली. मग उचललं ते बाहीला उसवलेलं लाल, म्या पोतेऱ्याला काढलेलं. घालून टँकरवर गेली. रांगेत बाया हसल्या, हिनं घागर काही सोडली न्हाई.
वाघीण हाय.

१८ मार्च
आपला तालुका नव्या जिल्ह्यात जाणार म्हणून पारावर भांडणं. आम्हाला कोण विचारतंय? सांगीला तरी विचारतेत.
ताईंकडं पोरी राहून सैपाक, शिवण शिकतेत. कमलनं सांगीला नेऊन दोन दिवस राहून दाखवलं. आता तिनं सांगायचं, जायचं का राहायचं. तिच्याबिगर माझी पाठ कोण चेपणार, हे म्या बोलले न्हाई. कमल, तू बी बोलू नको.

२० मार्च
तिथला शिवणाचा एप्रन अन् आमची दोघींची गोधडी, दोन्ही पुढं ठेवलं. काय कशाचं, ते कमलनं समजावलं. म्या पदर ओढला. सांगीच्या बांगड्या वाजल्या. थांबल्या. पुन्हा वाजल्या. राहवेना, पदराची कड जराशी उचलली.
सांगीनं हात धरून पदर खाली ओढला.
"आजी, बघू नको. आज न्हाई. उद्या सांगते."
आजवर हाव सोडून दुसरं बोलली न्हवती. आता आजीला थांबवती.
सासऱ्यानं बी मला एवढा वेळ झाकून बसवलं न्हवतं. लिही कमल, दिवा लागला तरी पदर खालीच हाय.