एका बाहीचा स्वेटर

हामराविक,
७ जुलै १९८५

लाडक्या सोल्वा,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, म्हणजे मी ठीक आणि मेंढ्या ठीक. तुझे बाबा ट्रॉलरवर ग्रीनलंडच्या बाजूला आहेत. तेही ठीकच असणार, नाहीतर एव्हाना मालकांचा फोन आला असता. गवत कापायला आलंय, पण ऊन धड दोन दिवस टिकत नाही. शेजारच्या सुन्नेवा मावशीचा गुडघा पुन्हा धरलाय. तरी काल लंगडत आपल्या कुंपणापर्यंत आली, कारण मी दोरीवर काय वाळत घातलंय ते तिला खिडकीतून नीट दिसेना.

परीक्षा चांगली गेली हे वाचून बरं वाटलं. "माझा स्वेटर कुठवर आला?" असं विचारलंयस. येतोय. अंग झालं, एक बाही झाली. दुसरीला अजून हात लावलेला नाही.

आता एक काम सांगते. आपल्या गावातली एक बाई ऑगस्टमध्ये बेट सोडून तिकडे आरहूसला येतेय, तुझ्याच कॉलेजात, शिक्षिका व्हायचं शिकायला. वसतिगृहात खोलीही मिळालीय तिला. तर तिने सोबत काय काय आणावं ते मला सविस्तर कळव. वर्गात काय घालून बसतात? चर्चचा काळा ड्रेस आणावा की तिथे तसलं कुणी घालत नाही? उशी तिथे देतात की आपली न्यायची? पातेलं एक पुरेल का? रुबार्बचा मुरंबा किती दिवस खोलीत टिकेल? आणि तिच्या वयाच्या बाईने पँट घातली तर पोरं हसतील का?

'तिच्या वयाच्या' असं लिहून गेले बघ. खोडणार होते, पण शाईचं पेन आहे, आणि खोडलेलं तू उजेडाला धरून वाचशीलच. लहानपणापासूनची खोड आहे तुझी. तर ती बाई मी आहे.

आता पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच. गेले दोन हिवाळे बुधवारी संध्याकाळी मी क्लाक्सविकला विणकाम मंडळात जात होते, असं तुला लिहीत आले. मंडळ भरतं बुधवारी, ते खरं. पण मी तिथे जात नव्हते. मासळीच्या कारखान्यातून सुटले की हात लिंबाने धुवायचे आणि रात्रशाळेत जायचं, असं चाललं होतं. तिथे गणित, इतिहास आणि डॅनिश. परीक्षा दिली, पास झाले. गणितात कशी पास झाले ते त्या मास्तरालाच ठाऊक. म्हणून स्वेटरला एकच बाही आहे. सुन्नेवा मावशी मला दर आठवड्याला विचारायची, "अगं मालान, तुमचं मंडळ विणतं तरी काय? घर विणताय का?" मी म्हणायची, "नमुना अवघड आहे, मावशी."

तुझ्या बाबांना ते ट्रॉलरवर जायच्या आदल्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "मी वर्षातले आठ महिने घराबाहेर असतो, मला कुणी कधी अडवलं का? जा तू. मेंढ्यांचं माझा भाऊ बघेल." मग थोड्या वेळाने म्हणाले, "सोल्वाला विचारलंस का?"

म्हणून विचारतेय. आपल्या शाळेचं तुला माहीत आहे. कुठलाच मास्तर दुसऱ्या हिवाळ्याला टिकत नाही. एकदा वारा सुटला की त्यांचं तोंड उतरतं आणि वसंतात बॅग भरली जाते. यापुढेही कुणी मिळालं नाही तर शाळेला कुलूप. तू ख्रिसमसला घरी आलेलीस तेव्हा जे बोललीस त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. तो विषय वेगळा.

कॉलेजला होकार महिनाअखेरीस कळवायचाय. तू नको म्हणालीस तर मी येणार नाही. रुसणारही नाही. म्हणजे रुसेन थोडी, पण तुला कळू देणार नाही.

उत्तराची वाट पाहते. उशीचं आठवणीने लिही.

तुझी,
आई

*

आरहूस,
१९ जुलै १९८५

प्रिय आईस,

साष्टांग वगैरे. पत्राला उशीर झाला, कारण पहिलं उत्तर लिहून मी फाडून टाकलं. दुसरंही फाडलं. हे तिसरं आहे, आणि यात मी सभ्यपणे लिहायचं ठरवलंय.

आधी तुझे प्रश्न. उशी देतात, पण ती उशी नाही, पाव आहे. आपली आण. पातेलं एक पुरे. मुरंबा टिकेल की नाही हा प्रश्नच नाही, मजल्यावरच्या मुली तो दोन दिवसांत फस्त करतील. काळा ड्रेस घरी ठेव. नायलॉनचे मोजे घरी ठेव. इस्त्री तर आणूच नकोस, इथे इस्त्री केलेलं कुणी घातलं तर सगळे विचारतात, कुणी गेलं का. पँट घाल, बिनधास्त. पायात लाकडी खडावा चालतात, मास्तरसुद्धा घालतात, आणि कॉरिडॉरमधून चालले की घोडे आल्यासारखं वाटतं.

तू नक्की क्लाक्सविकला जाऊन एखादा बदामी रंगाचा शहरी कोट बघून आली असशील. घेऊ नकोस. इथल्या मुली आपले स्वेटर घालतात, आई. आपले, मेंढीच्या रंगाचे, जे घालून तू गवत कापतेस. दुकानात केवढ्याला विकतात ते सांगितलं तर तू बसल्या जागी रडशील. मी आले तेव्हा माझे सगळे स्वेटर पेटीत तळाला दडपले आणि पातळ ब्लाउज घालून महिनाभर कुडकुडत हिंडले. आणि बाजूला बसलेली डॅनिश मुलगी आपल्या लोकरीत मजेत. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो असा.

आता दुसरी गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नव्हती. मी निघायच्या आधी तू माझे कपडे चांगला वारा लागावा म्हणून मांस वाळवायच्या खोपीत टांगले होतेस, आठवतं? वर बाबांनी मारलेल्या मेंढीची मांडी वाळत होती. आपल्या घरात कुणाला काही जाणवलं नाही. इथे मी पेटी उघडली आणि माझी खोलीतली सोबतीण, किर्स्टन, दोन्ही खिडक्या उघडून उभी राहिली. संध्याकाळी वॉर्डनबाई भिंतीला नाक लावत आल्या. उंदीर मेलाय म्हणून त्यांनी कपाट सरकवलं. मी कपाटामागे त्यांच्यासोबत उंदीर शोधला, आई. मी बोलले नाही की तो उंदीर म्हणजे मी. मग सगळं तीन तीनदा धुतलं. तेव्हा कृपा कर आणि तुझे कपडे खोपीपासून लांब ठेव.

आता खरं ते. तुझा अभिमान वाटला का? वाटला. रात्रशाळेचं वाचून हसले आणि मग रडले. पण रागही आला. ही एकच जागा आहे जिथे मी कुणाची मुलगी नाही, कुठल्या घरातली ते कुणी विचारत नाही. ख्रिसमसला मी म्हणाले की मी गावात परत येणार नाही, तेव्हा तू उठून बटाट्यांना पाणी घातलंस. त्यांच्यात पाणी होतंच. आणि आता तू इथे यायचं म्हणतेस. एकच विचारते, खरं सांग. तू शिकायला येतेयस की मला न्यायला?

हो म्हणून कळव कॉलेजला. मी नको म्हणणारी कोण? पण एक अट आहे. कॉलेजात तू मला ओळखायचं नाहीस. मी होऊन बोलेपर्यंत हाक मारायची नाही, आणि 'सोल्वू' तर मुळीच नाही. मी तुला न्यायला स्टेशनवर येणार नाही. बस नंबर सहा, शेवटच्या आधीचा थांबा.

काळजी घे, बोटीवर पाठमोरी बसू नकोस.

सोल्वा

*

आरहूस,
३० ऑगस्ट १९८५

प्रिय बार्दुर,

हे पत्र तुला ग्रीनलंडला, नुकच्या बंदरात मिळेल. मी पोचले, सुखरूप आहे. बोटीवर पाठमोरी बसले, उलटी झाली. पोरगी खरं सांगत होती.

खोली आपल्या बाथरूमपेक्षा मोठी आहे, थोडीच. कॉट, टेबल, खिडकीतून सायकली दिसतात. एवढ्या सायकली आणि एकही चढ नाही, त्या बिचाऱ्यांना कसली मजा येत असेल? माझ्या शेजारच्या खोलीत एकोणीस वर्षांची एक मुलगी आहे, बिरगित्ते. पहिल्या दिवशी ती दार ठोठावून म्हणाली, "तुम्ही मुलीला सोडायला आलात का?" मी म्हटलं, "नाही गं, स्वतःला सोडायला आलेय." तेव्हापासून ती रोज माझ्याकडे चहाला येते आणि तिच्या मित्राची गाऱ्हाणी सांगते. मुरंबा संपला.

आता तू हसशील. सोल्वाचं पत्र यायच्या आधीच मी माझे कपडे खोपीत टांगले होते. पत्र वाचून धावत गेले, काढले, नाक लावून बघितलं, मला तर काहीच वास येईना. सुन्नेवा मावशीला हुंगायला दिले. ती म्हणाली, "अगदी स्वच्छ आहेत, मालान. छान लोकरीचा वास." मीही तिचं ऐकून भरले. इथे पहिल्या तासाला माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. मास्तरांनी स्वतः उठून खिडकी उघडली. तेव्हा कळलं.

सोल्वाची अट मी पाळली, बार्दुर. तुला वाटत असेल, ही कसली गप्प बसते? पण बसले. पहिल्या दिवशी ती जिन्यात समोरून आली. केस कापलेत तिने, कानाच्या वर. तुझी मान दिसते आता तिची. मी भिंतीवरची सूचना वाचत उभी राहिले, दोनदा वाचली, अजून सांगता येणार नाही त्यात काय होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठीचं व्याख्यान होतं, ती चार ओळी पुढे बसलेली. इथे व्याख्यानात मुली खुशाल विणत बसतात, कुणी काही म्हणत नाही. म्हणून मीही दुसरी बाही सुरू केली. तिला सुयांचा आवाज ऐकू गेला असणार. माझ्या सुया कशा वाजतात ते तिला पाळण्यापासून ठाऊक आहे. पण वळून बघितलं नाही तिने. मी खोलीत येऊन रडले, ते मोकळं सांगते. वाटलं, आपण उगाच आलो, या वयात पोरीच्या जगात पेटी घेऊन घुसलो. परतीच्या बोटीची वेळसुद्धा विचारून कागदावर लिहून ठेवली.

काल दुपारी कँटीनमध्ये रांगेत उभी होते, ट्रे घेऊन. मागून कुणीतरी आपल्या भाषेत म्हणालं, "आई, दारातून वास आला तुझा."

मी वळले नाही. म्हटलं, "माफ करा, आपली ओळख आहे का?"

"पुरे गं आता."

"अट आहे ना."

"मीच बोलतेय ना आधी? मग संपली अट." मग हळू म्हणाली, "माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस तू. मला न्यायला आलीस ना?"

तेव्हा मी वळले. बार्दुर, मी हे उत्तर बोटीवर सबंध वाटभर पाठ केलं होतं, उलट्यांच्या मध्ये. त्यातलं एकही वाक्य आठवेना. म्हटलं, "नाही गं बाई. शाळेला एक बाई हवी. मला वाटायचं, ती तू. तू नाही म्हणालीस, आणि मी बटाट्यांना पाणी घातलं, कारण मला काय बोलावं ते सुचेना. मग वाटलं, आपल्या दोघींतली एक परत गेली म्हणजे झालं की. ती मी जाईन. मला आवडतं तिथे, वाऱ्यासकट. तू हवं तिथे राहा. हे सांगायला आले, आणि शिकायलाही आले. गणित सोडून."

तिने ट्रे खाली ठेवला आणि माझ्या खांद्यात नाक खुपसलं. तशीच उभी राहिली. मागे सगळी रांग ताटकळत होती, वाढणारी बाई डाव हातात धरून बघत होती. मी म्हटलं, "अगं, वास येतोय ना?" ती माझ्या लोकरीत तोंड ठेवूनच म्हणाली, "येतोय. थांब जरा." जो वास जावा म्हणून पोरीने कपडे तीन तीनदा धुतले, तोच ती असा घेत होती, आणि मी थांबले. कितीही वेळ थांबले असते.

मग आम्ही एका टेबलावर जेवलो. तिने सगळ्यांना सांगितलं, "ही माझी आई, पहिल्या वर्षाला आहे." बिरगित्तेचा घास तोंडातच राहिला. किर्स्टन लांबून हात हलवत म्हणाली, "उंदीर मिळाला का?" म्हणजे तिला सगळं माहीत होतं. स्वेटर माझ्या पिशवीतच होता. सोल्वाने तो ओढून काढला आणि तसाच चढवला, एक हात लोकरीत, दुसऱ्या बाजूला माझ्या सुया आणि वीतभर बाही लटकलेली. मी म्हटलं, "काढ गं, टाके सुटतील." तर म्हणे, "मग चार टाके जास्त घाल." दुपारी सगळ्यांसाठीच्या व्याख्यानाला ती माझ्या शेजारी बसली आणि मी तिच्या हातावरच विणत राहिले. एका मुलीने विचारलं, ही नवी फॅशन आहे का. सोल्वा म्हणाली, "हो, आमच्याकडे हिवाळ्यात अशीच असते."

तुझे मोजे धुऊन वाळवून कपाटात खालच्या खणात आहेत. खोपीत वाळवलेत, तेव्हा पुढच्या खेपेला जहाजावर कुणी काही म्हणालं तर सहन कर. बोटीची वेळ लिहिलेला कागद मी फाडून टाकलाय. नाताळला घरी येते, बहुतेक एकटीच, आणि तसं असलं तरी माझी तक्रार नाही.

तुझी,
मालान
(प्रथम वर्ष, ब तुकडी. आणि सोल्वाची आई, हे आता सगळ्यांना माहीत आहे.)