मामींची कळशी

नागापूर, एम.आय.डी.सी.
२८ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. अजिनाथमामा व छबूमामी यांस,
दिपालीचा शि. सा. न. वि. वि.

मामा, तुमच्या कानापुढे फोनचं काही चालत नाही, म्हणून लिहिते. डॉक्टरांनी यापुढे विहिरीत बुडी मारायची नाही असं सांगितलं, त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, हे मामींकडून कळलं. मी डॉक्टरांना भेटले. दहा फुटांच्या आत, एकदाच, आणि ही शेवटची, एवढ्यावर ते कुरकुरत कबूल झाले.

म्हणून मालवणच्या बोटीत तुमचं नाव घातलंय. तोंडात नळी, डोळ्यांवर चष्मा, आणि समुद्राच्या आत सगळं दिसतं म्हणे. लोकांच्या बादल्या, मोटरी, मोबाईल तुम्ही विहिरींतून काढलेत, पण सगळे चाचपडत, डोळे मिटून. इतकी वर्षं पाण्यात गेलो पण पाणी काही बघितलं नाही, हे तुमचं वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. आता डोळे भरून बघून या.

मामींनाही न्या. बोटीत कळशीवरून भांडू नका.

तुमची भाची,
दिपाली

कोल्हार
९ नोव्हेंबर २०२५

चि. दिपालीस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. पोरी, तुझे उपकार कसे फेडावेत? तुझ्या मामीने जन्मात पहिल्यांदा समुद्रात पाय घातले आणि लाट आली की लहान पोरीसारखी मागे पळत होती. ते बघूनच माझं पोट भरलं. आता पुढचं वाच, पण डोक्यात राख घालून घेऊ नकोस.

बोटीत पंधरा माणसं नेणार म्हणाले होते, भरली तीस. भर उन्हात दोन तास नंबर लावून बसवलं. तुझी मामी ओकून ओकून अर्धी झाली. आदल्या आठवड्यातल्या पावसानं पाणी चहासारखं गढूळ. माझा नंबर आला तेव्हा समजावणं नाही की काही नाही, पाठीवर टाकी बांधली, तोंडात नळी कोंबली आणि एका गड्यानं मानेमागचा पट्टा धरून करडू न्यावं तसं मला खाली नेलं.

आता माझी चूक ऐक. पाणी डोक्यावरून गेलं आणि मी सवयीनं दम धरला. चाळीस वर्षांची खोड, तोंडात नळी आहे हेच विसरलो! गडी बघतोय तर माझे बुडबुडेच येईनात. त्याला वाटलं म्हातारा गेला. धरला आणि वर काढला. मिनिटभर पण झालं नसेल. वर आल्यावर मी पुन्हा जातो म्हणालो, तर मालक म्हणाला की काकांची फेरी झाली, पुढचा माणूस पाठवा. तुझी मामी तशा ओकारीतही उठली आणि हा माणूस दोन मिनिटं दम धरतो, ह्याला तुम्ही काय शिकवणार, म्हणून सगळ्या बोटीला सुनावलं. तो गडी मात्र गरीब होता. घाबरून माझी पाठ चोळत बसला होता. त्याला माझा नमस्कार सांगायचा राहिला.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटची बुडी होती आणि दिसलं काय, तर माझाच हात, तोही अंधुक. परतताना मामी म्हणाली की गावाचं सगळं सापडतं, बायकोची कळशी तेवढी सापडत नाही, आणि आता समुद्रही सापडला नाही. लग्नाच्या साली आपल्या विहिरीत पडलेली ती कळशी, अजून माझ्या डोक्यावर आहे.

आणखी एक. घरी मामीनं ओल्या कपड्यांचं बोचकं झटकलं तर आतून बोटवाल्यांचा पाण्यातला चष्मा पडला! गडबडीत टॉवेलात गुंडाळला गेला. दुसऱ्याची वस्तू मी आजवर घरात ठेवलेली नाही. पत्ता कळव.

तुझाच,
मामा

नागापूर
१३ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस, शि. सा. न. वि. वि.

डोक्यात राख घातलीच मी. मालकाला फोन केला तर तो म्हणतो, काकांचा छान व्हिडिओ पाठवलाय, बघा की. व्हिडिओत बिनमिशीचा, टकला, वीस वर्षांचा पोरगा माशांना टाटा करतोय! तुमची मिशी समुद्रात विरघळली का?

मामा, माझं चुकलं. नीट चौकशी केली असती तर तुमची शेवटची बुडी अशी वाया गेली नसती. रात्रंदिवस तेच डोक्यात येतं. तेलाचा रिकामा कॅन पाठीला बांधून मला पोहायला तुम्ही शिकवलंत, आणि मी तुम्हाला धड एकदा समुद्र आतून दाखवू शकले नाही.

मालकाचा पत्ता मागे लिहिलाय. पण पाठवायच्या आधी एकदा आपल्या विहिरीत तो चष्मा डोळ्यांना लावा. बुडी नको! पायरीला धरून नुसतं तोंड पाण्यात.

तुमची,
दिपाली

कोल्हार
१७ नोव्हेंबर २०२५

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं काहीएक चुकलं नाही. आता सावकाश वाच.

काल भर दुपारी पायऱ्या उतरलो. मामीनं कमरेला दोर बांधून टोक स्वतःच्या हातात ठेवलं, डॉक्टरपेक्षा कडक बाई. चष्मा लावला, पालथा पडलो आणि तोंड पाण्यात घातलं. पोरी, काय सांगू! पाणी काचेसारखं. उन्हाचे पट्टे पार तळापर्यंत गेलेले. ज्या दगडांना आजवर हातानं ओळखत होतो ते हिरवे आहेत, हे मला साठाव्या वर्षी कळलं. मी तसाच रडलो, चष्म्यात पाणी झालं.

मग उत्तरेच्या भिंतीत, दोन पुरुष खोलीवर, दगड निखळून झालेली कपार दिसली. आत काहीतरी गोल होतं. आपली विहीर पाटाच्या पाझरामुळे कधी आटली नाही आणि मी कायम तळच चाचपला, भिंतीत कोण बघतो? मामीला हाक मारली. तिनं आधी मला वेड्यात काढलं, मग पदर खोचला, चष्मा लावला आणि तोंड पाण्यात घातलं. बराच वेळ वर येईना. आली ती पायरीवर बसली. म्हणाली, काठाला पोचा आहे, माझ्या बापानं दिलेलीच आहे. आणि माझा हात धरून रडायला लागली. 

मालकाचा चष्मा पुढच्या सोमवारी पाठवू, सोबत गुळाची ढेप आणि त्या गड्याला माझा नमस्कार. त्यांनी मला वर ओढलं नसतं तर चष्मा इथं आला नसता.

कळशी अजून तिथंच आहे. मी काढू शकतो, दम आहे, पण डॉक्टरला शब्द दिलाय, आणि मामीनं दोर सोडला नाही. म्हणून तू रविवारी ये. कॅन न बांधता. मी पायरीला धरून चष्म्यातून बघत राहीन, तुझ्या कमरेचा दोर ओढून खूण करीन, तू कपारीत हात घाल. मी बुडी मारली की माणसं काठावर उभी राहून माझी वाट बघायची. आता मी तुझी बघेन.

मामीनं पुरणाची डाळ काढून ठेवली आहे. आमच्यावरची माया अशीच असू दे.

तुझा,
अजिनाथमामा