मनीला शाबास म्हण

अर्जुना,

तू रातपाळी करून येशील तवा मी घरात नसीन. डोळ्याच्या आपरेशनला पहिल्या येष्टीनं मिरजेला चाललोय. आधीच सांगणार व्हतो, पर तू येतोस तवा मी रानात, आन् मी येतो तवा तू कारखान्यात.

भाकरी टोपलीत हाय. कालवण गरम करून घे.

मनीकडं तेवढं बघ. हिची आई लवकर मेली, म्हणून शिकार मीच शिकवली. आधी सुतळीला चिंधी बांधून नाचवली, मग पिंजऱ्यातला अर्धमेला उंदीर पुढ्यात सोडला. आता शेंगांच्या पोत्यांत उंदीर टिकत न्हाई. तिला उपाशी ठेवू नगंस. भरल्या पोटानंच ती चांगली धरती.

धरलेला उंदीर ती अंथरुणापाशी आणून ठेवती. हाकलू नगंस. शाबास म्हण, पाठीवरनं हात फिरव, मग उंदीर बाहीर टाक. मागं मी तापानं पडलो तवा तिच्याकडं बघणारं कुणी नव्हतं, तर तिनं उंदीर धरायचंच सोडलं व्हतं.

दवाखान्यात भेटायला दुपारी सोडत्यात म्हणं. तुझी झोप मोडत असंल तर ऱ्हाऊ दे.

तात्या