लिंबू न घातलेल्या बरण्या

४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं म्हणून बाबांनी बोलणं टाकलंय. तू तरी पत्र टाकणं बंद करू नकोस. इथे टोमॅटो निवडायच्या शेडमध्ये लागलोय. पिकलेला, टणक आणि फुटका असे तीन ढीग दिवसभर करायचे. वर्गात बसण्यापेक्षा बरं आहे. निदान टोमॅटो माझ्या हजेरीवरून टोमणे मारत नाहीत. घरमालकाशी मात्र नळावरून जुंपली आहे. आम्ही एकमेकांकडे बघतही नाही.

परवा शेडच्या मालकाने फार मऊ झालेले दोन क्रेट तसेच देऊन टाकले. मला तुझ्या बरण्या आठवल्या. टोमॅटो शिजवले, उकळते असतानाच भरले, झाकणं आवळली आणि बरण्या रात्रभर उलट्या ठेवल्या. सहातल्या पाच झाकणांचा मधला भाग सकाळी आत ओढला गेला होता. सहावं तसंच फुगीर आहे, ते का? आणि टोमॅटो मुळात आंबट असताना तू वर लिंबू का पिळायचीस?

मी पिळलं नाही. वाचनालयात पुस्तकं देणारी मुलगी एकदा म्हणाली होती की तिला आंबट सोसत नाही. म्हणून लिंबाऐवजी मूठभर लसूण आणि भरपूर ढोबळी मिरची घातली. दोन बरण्या तिला नेऊन दिल्या. तिने त्या उजेडात धरून पाहिल्या आणि रंग छान आलाय म्हणाली. तेव्हापासून माझं निवडण्यात लक्ष नाही, टणक टोमॅटो फुटक्यांत जातायत. पंधरा तारखेला तिच्या घरी पाहुणे आहेत, तेव्हाच ती बरण्या उघडणार आहे.

लोभ नेहमीचाच, पण या खेपेला जरा जास्त हवा.
तुझा भडक्या

८ नोव्हेंबर

चि. भडक्यास,
अ. उ. आ.

तुझ्या घरमालकाला दोनदा फोन केला. निरोप द्यायला मी त्याचा गडी नाही, असं त्याने मला ऐकवलं. तू त्याला काय ऐकवलं असशील ते कळलं. म्हणून हे जलद टपालाने पाठवते. आधी हे वाच, मग चीड.

लिंबू का, हे मलाही ठाऊक नव्हतं. सासूबाई पिळायच्या म्हणून मी पिळलं. तुझं पत्र घेऊन शेजारच्या काकांकडे गेले. ते डबाबंद फळांच्या कारखान्यात तपासनीस होते. लसणाच्या ओळीपर्यंत आले आणि त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग तासभर मला शाळकरी पोरीसारखं शिकवलं.

टोमॅटो वाटतो तितका आंबट नसतो, अगदी काठावर असतो. आंबटपणाचा आकडा जितका मोठा तितकं आंबट कमी, आणि तो चार पूर्णांक सहाच्या वर गेला की एक जंतू बरणीत वाढू शकतो. नुसत्या उकळीने त्याचं बीज मरत नाही. लसूण आणि ढोबळी मिरची तो आकडा वर नेतात, लिंबू खाली आणतं. झाकण आत ओढलं गेलं म्हणजे आतली हवा निघून गेली एवढंच, आणि या जंतूला नेमकी हवाच नको असते. वास येत नाही, चव बदलत नाही. माणसाला आधी दोन-दोन दिसतं, मग गिळता येत नाही, मग श्वास अडतो. सहावी बरणी तर बंदच झाली नव्हती, तिलाही हात लावू नकोस.

काका म्हणतात, लिटरच्या बरणीत विकतच्या बाटलीतल्या लिंबाच्या रसाचे दोन मोठे चमचे घालायचे. झाडावरचं लिंबू कमीजास्त आंबट निघतं. मग भरलेली बरणी झाकणासकट पाण्यात बुडवून पाऊण तास उकळायची. लसूण-मिरची खाताना वेगळी घालायची. बरणी उलटी ठेवण्याला काही अर्थ नाही. चाळीस वर्षं मी केलं ते निम्मंच बरोबर होतं, बाकी नशीब. माझ्या नऊ बरण्या न उघडता टाकून दिल्या. तू पंधराच्या आत तिच्याकडून तुझ्या परत आण. चाखून बघू नकोस.

तुझ्या काळजीने हैराण,
आत्या

११ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न.

चाळीस वर्षं खाऊन आपण सगळे ठणठणीत आहोत, आणि आता एका रिकामटेकड्या तपासनिसाने सांगितलं म्हणून मी दिलेली वस्तू परत मागू? तिला काय सांगू, बाई, मी प्रेमाने तुला विष दिलं? मी नाही जाणार.

भडक्या

ता. क. शेडमध्ये धुण्याच्या पाण्याचा आंबटपणा बघायच्या कागदी पट्ट्या असतात. उद्या तेच मिश्रण ताजं करून बघतो. तुझे काका तोंडावर पडतात की नाही बघच.

१६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काका पडले नाहीत. नुसत्या टोमॅटोचा आकडा चार पूर्णांक चार आला. लसूण-मिरची घातली तर चार पूर्णांक आठ. बाटलीतला रस घातल्यावर खाली चारपर्यंत उतरला. मग मला चाळाच लागला. पिवळे, लांबट, हिरवट, सगळे चिरून बघितले. दोन ढिगांतला टोमॅटो एकाच झाडाचा असून वेगळा निघतो. वर्गात हे कुणी दाखवलं असतं तर कदाचित मी टिकलो असतो. मालक ओरडला तेव्हा एकोणीस पट्ट्या संपल्या होत्या. आणि चौदा तारीख उजाडली होती.

वाचनालयात गेलो आणि सगळं एका दमात सांगितलं. तिने विचारलं की लिंबू का नाही घातलं. तुला आंबट सोसत नाही म्हणून, असं मी म्हणालो. तिने समोरच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला. मग म्हणाली की तिचं लग्न ठरलंय. पाहुणे म्हणजे तेच लोक. एक बरणी तिच्या घरी होती, ती तिने लगेच घरून मागवून दिली. दुसरी त्यांच्याकडे पोचली होती, कारण नवऱ्या मुलाला लसूण फार आवडतो. त्यांचा फोन लागेना. तिला जागेवरून उठता येईना. म्हणून तिने मला पत्ता लिहून दिला.

तो दातांचा डॉक्टर आहे. घर चढावर आहे, फाटकाला नवा रंग. आत स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. ओट्यावर माझी बरणी आणि तो बाह्या सरसावून पाव कापत होता. आत्या, तुला खोटं लिहिणार नाही. मी फाटकाच्या बाहेर थांबलो. दम लागला म्हणून नाही. त्याने पाव संपवला, हात पुसले आणि बरणी उचलली, तोवर मी तिथेच होतो.

मग घंटा न वाजवताच आत शिरलो आणि त्याच्या हातातून बरणी काढून घेतली. तो आधी भडकला. सगळं सांगितल्यावर खुर्चीत बसला आणि आईला हाक मारून म्हणाला की जेवण थांबव. दारापर्यंत सोडायला आला तेव्हा त्याने विचारलं, तुम्ही तिचे कोण. मी म्हणालो, टोमॅटो निवडतो.

सहाही बरण्या न उघडता दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात दिल्या. अजून हात पुन्हा पुन्हा धुतोय.

मी थांबलो होतो हे बाबांना सांगू नकोस. तुला सांगितलंय, एवढं पुरे. त्यानंतरही माया उरली असेल तर लिही.

तुझा
भडक्या